साडेसात सेंटिमीटरचा स्वल्पविराम

१

मंगळवारी संध्याकाळी गटाच्या खोलीत शिरले, तेव्हा कोणी तालीम करत नव्हतं. नाचायचे खुळखुळे भिंतीशी तसेच पडून होते. टेबलावर तीन कागद होते आणि माणसं त्यांच्याभोवती मयताला आल्यासारखी गप्प उभी होती.

"बघा, इंजिनियर बाई," आमचे अध्यक्ष वाल्तेर उगार्ते म्हणाले. "हे आपलं यंदाचं कार्निव्हल."

कागदांवर नक्षी होती. सुकलेल्या तळ्यावरून उडून जाणारे रोहित पक्षी, आमच्या मोरेनादा नाचाच्या गटाच्या नव्या केपवर भरायचे. बोलिव्हियातल्या आमच्या ओरुरो गावात कार्निव्हलच्या शनिवारपर्यंत कुठलाच गट आपली नक्षी दाखवत नाही. नवराबायको वेगळ्या गटांत असतील तर आधीच्या दोन महिन्यांत घरातही कपाटाला कुलूप असतं. आणि हे कागद आमच्या कपाटातले नव्हते.

"तिकडच्या गटाच्या कारागिराकडे मखमलीवर टाचलेले होते," वाल्तेर म्हणाले. "माझी मेहुणी अस्तर शिवायला गेली होती. तिनं गुपचूप उचलून आणले. त्यांचं अर्धं भरतकाम झालंय."

"फाईल किती जणांकडे होती?" मी विचारलं.

"तिघांकडे. माझ्याकडे, निन्फाकडे आणि माएस्त्रोंकडे." पुढचं वाक्य बोलताना त्यांनी आवाज खाली आणला. "पण तिघांचा प्रश्नच येत नाही. ही खूण बघा."

कागदाच्या उजव्या कडेला एक बारीक काळा ठिपका होता, खाली शेपूट असलेला. त्याच्याखाली अगदी तसाच दुसरा. त्याच्याखाली तिसरा. खोलीतल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. भरतकाम करणाऱ्या ग्रोव्हेर लासार्तेंच्या घरून जी सूचना येई, जी मापं येत, त्या सगळ्यांवर हा स्वल्पविराम असायचा. त्यांच्या प्रिंटरला तो आजार होता, आणि 'छापतंय ना, मग झालं' म्हणून त्यांनी तो कधी बरा करून घेतला नव्हता.

माएस्त्रो दाराशी उभे होते, टोपी हातात. माएस्त्रो म्हणजे उस्ताद. गटात लासार्तेंना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही.

"मी हे छापलेलं नाही," ते म्हणाले.

"खूण तुमचीच आहे, माएस्त्रो."

"खूण माझी आहे. छापलं मी नाही."

कोणीतरी मागून हसलं. वाल्तेरनी हात वर केला. "शनिवारच्या बैठकीत हात वर करून ठरवू. मला आनंद होत नाही. पण गद्दारासोबत मी देवीपुढे नाचणार नाही."

माएस्त्रोंच्या चेहऱ्यावरून रक्त उतरताना मला दिसलं. त्यांची मुलगी योला मूत्रपिंडाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा त्यांनी आमच्या देवीला, सोकावोनच्या मारियेला, नवस बोलला होता: तीन वर्षं, ओळीने, तुझ्यापुढे नाचेन. मुलगी उठून बसली. दोन वर्षं झाली होती. हे तिसरं होतं. आणि आमच्याकडे एका गटाने गद्दार म्हणून काढलेल्या माणसाला दुसरा गट दारातही उभा करत नाही.

माझ्या कोपराला कोणीतरी धरलं. निन्फा होती. तिचे डोळे भरून आले होते.

"काहीतरी कर ना गं, कोमाद्रे," ती माझ्या कानाशी म्हणाली. "तुला कळतं त्या मशिनींमधलं."

२

मी तंत्रविद्यालयात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळते. गटाचे प्रिंटर मी बघते ते केवळ दुसरं कोणी बघत नाही म्हणून. वाल्तेरनी तीनपैकी एक कागद मला दिला, दोन कुलपात ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो काचेवर ठेवला आणि पोलादी पट्टी घेतली.

लेसर प्रिंटरमध्ये कागद अनेक रोलरना चाटून जातो. एखाद्या रोलरला एका जागी इजा झाली, की तो दर फेऱ्याला तीच खूण सोडतो. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे त्या रोलरचा घेर. रोलर वेगवेगळ्या जाडीचे असतात, त्यामुळे अंतर मोजलं की दोषी रोलर सापडतो. यात हुशारीचं काही नाही, धीराचं आहे.

स्वल्पविरामांमधलं अंतर साडेसात सेंटिमीटर भरलं. तो ड्रम. प्रकाशाने चित्र ज्याच्यावर उमटतं तो हिरवट निळा रोलर. माएस्त्रोंच्या ड्रमवर ओरखडा आहे हे मी त्यांना मागेच सांगितलं होतं.

पट्टी बाजूला ठेवणार होते, पण सवयीने कागद तिरपा धरला. डाव्या बाजूला, रोहिताच्या पायाची रेघ एका ठिकाणी भुरभुरीत वाटली. बोट फिरवलं तर तिथली काळी पूड बोटाला आली. बाकी रेघ पक्की होती. खाली सरकत गेले. तशीच आणखी एक जागा. मग आणखी एक. मसुराच्या डाळीएवढी. अंतर पावणेसहा सेंटिमीटर.

हा ड्रम नव्हता. पूड कागदावर पडली होती, पण शिजली नव्हती. म्हणजे दोष शेवटच्या रोलरचा, जो तापतो आणि पूड वितळवून कागदात बसवतो, त्याचा. त्याच्यावर काहीतरी चिकटलं होतं.

मी तशीच माएस्त्रोंकडे गेले. त्यांच्या घरात भरतकामाच्या चौकटीतून वाट काढत चालावं लागतं. बायकोने न विचारता मक्याच्या आपीचा पेला हातात दिला. जांभळा, वाफाळता, दालचिनीचा वास येणारा.

"एक पान छापू द्या, माएस्त्रो."

"शंभर छापा. आता मशीन काय नि मी काय."

पान आलं. उजव्या कडेला स्वल्पविराम, साडेसातावर, चोख. डाव्या बाजूला मी बोट घासघासून पाहिलं. पूड निघेना. पावणेसहाची खूण नव्हती.

"तुमचं कार्ट्रिज मध्ये कुठं बाहेर गेलं होतं का?"

"बाहेर? भरायला गेलं होतं. जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर. सगळ्यांचीच निन्फाबाई नेते की बाजारात भरायला. आणून गटाच्या खोलीत ठेवली, तिथून वाल्तेरनी माझं पाठवून दिलं." ते थांबले. "का हो?"

"ड्रम कार्ट्रिजच्या आत असतो, माएस्त्रो. कार्ट्रिज जिथं जाईल, तिथं तुमचा स्वल्पविराम जातो. तापणारा रोलर मात्र मशीनमध्येच राहतो, तो कुठं जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं कार्ट्रिज कोणीतरी दुसऱ्या मशीनमध्ये घालून हे छापलंय."

माएस्त्रो खाली बसले. बायको त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मी काल रात्रीच म्हटलं होतं, यांना विचारा म्हणून. पण तुमचा हा ताठा!"

"कोणी केलं?" माएस्त्रोंनी विचारलं.

आम्ही गटासाठी एकाच दुकानातून, एकाच वेळी, एकसारखी तीन मशिनं घेतली होती. एक या खोलीत होतं. उरली दोन.

३

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्यासाठी एकच उरलं होतं.

निन्फा आरांसिबिया माझ्या मुलीची धर्ममाता, म्हणजे माद्रिना, आहे. ब्रिसाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती तिला हातांवर घेऊन उभी होती. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, आणि आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीला मागच्या बाकावर बसवतं. माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडे असते.

आणि तिचं मशीन तर कधी चाललंच नव्हतं. मशिनं आली त्याच दिवशी तिने आपलं कार्ट्रिज काढून गटाला देऊन टाकलं होतं. "मला काय छापायचंय? तुम्ही वापरा." मशीन मात्र तिने घरी नेलं आणि रीतसर त्याची छाल्या केली, म्हणजे नव्या वस्तूची आमची पूजा. भूमातेला आधी दोन थेंब, मग वस्तूला, भोवती रंगीत कागदी फीत गुंडाळायची आणि वर कागदी टिकल्यांचा पाऊस. त्यासाठी यजमानीण लागते. निन्फाने मला केलं होतं. ब्रिसाने शाळेतल्या छिद्रयंत्राने चकचकीत सोनेरी वेष्टणाच्या टिकल्या पाडून दिल्या होत्या, मूठभर, खास माद्रिनाच्या मशीनसाठी. मी त्या उधळल्या तेव्हा निन्फा म्हणाली होती, "अगं, मशीनवर टाक, माझ्या नाकात नको." आम्ही खूप हसलो होतो.

त्यामुळे बुधवारी दुपारी मी तिच्याकडे गेले ती सल्ला घ्यायला.

"म्हणजे कार्ट्रिज फिरलं," सगळं ऐकून ती म्हणाली. चहात साखर ढवळत होती. "तूच नाही का मागं सांगितलंस, प्रत्येक कार्ट्रिजची आपली सही असते म्हणून."

"हो. पण मग छापलं कुठं?"

"हे काय विचारणं झालं? मी सगळी कार्ट्रिज गटाच्या खोलीत ठेवली. तिथं मशीन कोणाचं आहे? किल्ली कोणाकडे असते?" तिने चमचा बशीत ठेवला. "मी नाव घेत नाही, बाई. पण वाल्तेरच्या सुनेचे सगळे भाऊ तिकडच्या गटात आहेत, हे तुला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं.

"आणि त्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी छाल्या होते, मशीनवर बिअर नि टिकल्या पडतात. आत काय काय गेलं असेल!"

मी मान डोलावली. तिचं मशीन कोपऱ्यात होतं, क्रोशाच्या पांढऱ्या रुमालाखाली. रुमालाच्या कडेतून छाल्याच्या हिरव्या फितीचं एक टोक लोंबत होतं. मी निघाले तेव्हा ते माझ्या बाहीला लागून हाललं. मी ते रुमालाखाली सारलं आणि बाहेर पडले.

४

त्याच संध्याकाळी वाल्तेरनी आधी खोली उघडायलाच नकार दिला.

"मला आरोपी करताय, इंजिनियर बाई?"

"मशीनला करते आहे. तुम्हाला नाही."

"तुमचं बोलणं म्हणजे डॉक्टरसारखं. सुई टोचून म्हणायचं, दुखलं नाही ना."

"दुखेल तर सांगा."

त्यांनी किल्ल्या काढल्या, पण दार लावून घेतलं आणि स्वतः माझ्या डोक्यावर उभे राहिले. मशीन चिकट होतं. बिअरचे डाग, झाकणाच्या फटीत गोल कागदी टिकल्या. निन्फाचं म्हणणं खरं होतं. मी माएस्त्रोंचं कार्ट्रिज बरोबर आणलं होतं. ते बसवलं, संगणकावर एक पूर्ण काळं पान तयार केलं आणि छापलं.

उजवीकडे स्वल्पविराम. डावीकडे काहीच नाही. मी पान दिव्याखाली धरलं, बोटाने चोळलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. काळं, पक्कं, एकसारखं. पुन्हा छापलं. तेच.

"काय सापडलं?" वाल्तेरनी विचारलं.

"तुम्ही नाही."

ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "माझी सून... लोक बोलतात, मला ठाऊक आहे. तुमच्या कानावर कोणी घातलं?"

मी झाकण पुन्हा उघडलं. मशीनमध्ये बघत होते. तीन मशिनं. एक नाही. दुसरं नाही. वजाबाकी इतकी सोपी होती की ती करायला मला लाज वाटत होती.

"उरलेले दोन कागद द्या," मी म्हटलं. "कदाचित मशीन चौथं असेल. एखाद्या झेरॉक्सवाल्याचं."

"झेरॉक्सवाला? या गावात? प्रत्येक झेरॉक्सवाला कोणत्या ना कोणत्या गटाचा मेव्हणा आहे. तिथं जाऊन कोण छापेल!"

त्यांनी कुलूप काढलं. माझ्याकडे होता त्या कागदावर नुसत्या रेघा होत्या. पण तिसऱ्या कागदावर रोहिताने पंख उघडले होते, आणि रोहिताच्या पंखाची कड काळीभोर असते. नक्षीतही ती भरीव काळी होती. कागदाच्या वरपासून खालपर्यंत.

मी तो खिडकीशी नेला. त्या काळ्यात, डावीकडे, न शिजलेली पूड झडून गेली होती आणि खालचा पांढरा कागद दिसत होता. पावणेसहावर एक. पावणेसहावर दुसरा. पण रेघेवर भुरभुरीत दिसलेली ती जागा आता मसुरासारखी गोल नव्हती. तिला कड होती.

पाच पाकळ्यांचं फूल होतं.

ब्रिसाचं छिद्रयंत्र गोल टिकल्या पाडत नाही. फुलं पाडतं.

५

गुरुवारी मी निन्फाकडे गेले तेव्हा पिशवीत माझं स्वतःचं नवं कार्ट्रिज होतं.

"आलीस? काय झालं वाल्तेरचं?" ती आतून ओरडली. "चहा टाकते."

मी रुमाल उचलला. हिरवी फीत मशीनला गुंडाळलेली होती, पण झाकणाच्या वर ती तुटलेली होती आणि दोन्ही टोकं नीट आत खोचलेली होती. छाल्याची फीत आम्ही सोडत नाही, तीच आपोआप झडते. ती तोडल्याशिवाय कार्ट्रिजचं झाकण उघडत नाही. काल ते टोक मी माझ्याच हाताने झाकलं होतं.

ती चहा घेऊन आली तोवर मशीन तापून गुरगुरत होतं. काळं पान बाहेर आलं. त्यात फुलं होती. ओळीने, डावीकडे, पावणेसहाच्या अंतराने.

निन्फा पेला धरून उभी राहिली.

"हे काय?" ती म्हणाली.

"ब्रिसाच्या टिकल्या. मी टाकलेल्या. एक आत पडली होती. मशीन कधी चाललं नाही, तोवर ती नुसती पडून होती. तू पहिल्यांदा छापलंस तेव्हा रोलर तापला आणि चकचकीत लेप वितळून ती चिकटली."

"मी छापलं..."

"नको ना, कोमाद्रे."

ती बसली. पेला टेबलावर ठेवला. मग जे बोलली ते हळू आवाजात.

"पुढची ओळ माझी होती. सतरा वर्षं मागच्या ओळीत नाचले. ओलिंपियाबाई गेल्या तेव्हा सगळे म्हणाले, आता निन्फा. आणि वाल्तेरनी तुला उभं केलं. काय म्हणे, इंजिनियर पुढे शोभते. तुला ताल तरी सापडतो का गं? मीच शिकवला ना तुला, या खोलीत?"

"मला म्हणाली असतीस तर मी मागे गेले असते."

"म्हणजे तू दान देणार आणि मी घेणार!" ती हसली. "तिकडे मला ओळीची म्होरकी करताहेत. मागावं लागलं नाही."

"आणि माएस्त्रो?"

तिने पेला माझ्याकडे सरकवला.

"तुझ्याकडे सगळ्यांची कार्ट्रिज होती," मी म्हटलं. "वाल्तेरचंही होतं, बिनडागाचं. ते घातलं असतंस तर कोणाचंच नाव आलं नसतं. तू शोधून खुणेचं घेतलंस."

"कोणावर तरी जायलाच हवं होतं," निन्फा म्हणाली. "नाहीतर शोधत बसले असते."

ही गोष्ट तिला मी शिकवली होती. याच टेबलाशी, असाच चहा पिताना. कार्ट्रिजची सही. मी अर्धंच सांगितलं होतं. तापणाऱ्या रोलरपर्यंत पोचायच्या आत आमचं बोलणं ब्रिसाच्या शाळेवर गेलं होतं.

"शनिवारी तू स्वतः सांग," मी म्हटलं. "मी तोंड उघडणार नाही. तू उठ आणि सांग."

"सांगते." तिने माझे हात धरले. "ब्रिसाची शपथ."

मी कार्ट्रिज काढून घेतलं. फुलांचं पान मी तिच्याच टेबलावर ठेवलं. सोबत नेलं असतं तर शपथेला काय अर्थ राहिला असता, असं मला वाटलं.

६

शनिवारी खोली भरली होती. माएस्त्रो कोट घालून आले होते. शेजारी योला, त्यांचा हात धरून. शुक्रवारभर मी गप्प होते. वाल्तेरच्या दोन फोनना मी 'बैठकीत' एवढंच उत्तर दिलं.

निन्फा सगळ्यांत शेवटी आली. पाठीवर रंगीत आवायोच्या झोळीत काहीतरी जड बांधलेलं. तिने ते टेबलावर सोडलं. मशीन होतं. भोवती नवी कोरी फीत.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, शाब्बास.

"माझ्या कोमाद्रेनं गुरुवारी माझ्या घरात येऊन मला चोर ठरवलं. म्हणे माझ्या मशीनमध्ये खूण आहे. मी हे मशीन घेऊनच आलेय. छापा आणि बघा सगळे. माएस्त्रोंना वाचवायला ती कोणाचाही बळी देईल, हे मला वाटलं नव्हतं. बाप्तिस्म्याला जिच्या मुलीला मी हातावर घेतलं, ती!"

ती रडत होती. खरं रडत होती, हे मला सांगायला हवं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या ओळीतल्या बायका तर अशा पाहत होत्या की मी पुढच्या ओळीत आले ते आत्ताच त्यांना नीट दिसलं. माझ्याकडे पान नव्हतं. ते मी तिला ठेवून दिलं होतं.

"छापा ना, बाई," वाल्तेर हळूच म्हणाले.

मी माझं कार्ट्रिज बसवलं. काळं पान बाहेर आलं. वाल्तेरनी ते उचलून सगळ्यांना दाखवलं. फूल नव्हतं.

"झालं?" निन्फा म्हणाली.

"द्या इकडे," मी म्हटलं.

ट्यूबलाइटखाली पान तिरपं धरलं. फूल गेलं होतं. त्याच्या जागी एक फिकी, केसासारखी रेघ होती, थोडी वाकडी. पट्टी लावली. तिच्याखाली तशीच दुसरी, पावणेसहावर. मग तिसरी.

"वाल्तेर, कुलपातला पंखाचा कागद द्या."

मी तो खाली ठेवला, नवं पान वर ठेवलं, कडा जुळवल्या आणि दोन्ही मिळून ट्यूबला लावले.

"इथं या, माएस्त्रो. तुमची नजर सगळ्यांत बारीक आहे. काय दिसतं?"

माएस्त्रो आले. खूप वेळ बघत राहिले.

"खालच्या कागदावर एक फूल आहे," ते म्हणाले. "आणि वरची रेघ बरोबर त्याच्या मधून जाते. टाका घालताना सुई जाते तशी."

"तापणारा रोलर म्हणजे पातळ पापुद्र्याची नळी असते," मी सगळ्यांना सांगितलं. "त्याला चिकटलेली टिकली सुरीने खरवडली, तर टिकली निघते आणि सुरीचा ओरखडा राहतो. त्याच जागी. फेऱ्याच्या त्याच अंतरावर. वाल्तेरचं मशीन मी बुधवारी तपासलं, माएस्त्रोंचंही. दोन्हींवर हे नाही. आता मला एवढंच सांगा, जे मशीन कधी सुरूच झालं नाही, त्याच्या पोटात सुरी घालायची गरज कोणाला पडली?"

निन्फाचे हात मशीनवर होते. उजव्या अंगठ्याला तिने चिंधी गुंडाळली होती. ती तिने दुसऱ्या हाताने झाकली, आणि ते वाल्तेरनी पाहिलं.

"निन्फा," ते म्हणाले. "हात वर करायला लावू नकोस आम्हाला."

तिने आवायो गोळा केला. मशीन तिथंच राहिलं. जाताना ती माझ्यासमोर थांबली.

"तू म्हणाली होतीस, तोंड उघडणार नाहीस," ती म्हणाली.

"तू शपथ कोणाची घेतली होतीस?" मी विचारलं.

ती गेली. माझ्या घराची किल्ली टेबलावर ठेवून गेली असती, तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी कुलूप बदललं.

७

नक्षी काही वाचली नाही. दोन्ही गटांचे रोहित एकाच शनिवारी रस्त्यावर उतरले आणि पायऱ्यांवर बसलेले लोक हसले. पण आमच्या केपवर, प्रत्येक पक्ष्याच्या पंखाखाली, माएस्त्रोंनी काळ्या धाग्याने एक बारीक खूण भरली होती. ठिपका, खाली शेपूट. दोन खुणांमध्ये साडेसात सेंटिमीटर. मी पट्टी लावली नव्हती, त्यांनी लावली होती.

मी मागच्या ओळीत नाचले. मी मागितलं म्हणून. तिथं ताल धरायला कोणाकडे तरी बघावं लागतं, आणि मी सवयीने ज्या जागेकडे बघत होते तिथं दुसरी बाई होती.

मंदिराच्या दाराशी माएस्त्रो तो जड पोशाख घालूनच गुडघ्यांवर बसले आणि तसेच आत सरकत गेले. मूर्तीपर्यंत. योला शेजारून चालत होती, वडिलांचा मुखवटा हातात धरून. तिथं मी पहिल्यांदा रडले, आणि कशासाठी ते वेगळं करून सांगता येणार नाही.

मंगळवारी घरोघर छाल्या होती. ब्रिसा जमिनीवर बसून सोनेरी कागदातून फुलं पाडत होती.

"माद्रिनाच्या मशीनसाठी पण पाडू?"

"या वर्षी नाही."

"का?"

"माएस्त्रोंनी नवं कार्ट्रिज घेतलंय. त्यांनी तुला यजमानीण व्हायला बोलावलंय."

तिने वर पाहिलं. "मला? एकटीला?"

"हो," मी म्हटलं. "पण आधी झाकण नीट बंद आहे ना ते बघ. आणि मग टाक."